एकोणऐंशीवाले गुरुजी

पोरगं चुकलं की आमच्या गुरुजींना हल्ली पेढे वाटावेसे वाटतात. परवा दुसरीतल्या एकाला एकोणऐंशी लिहायला सांगितले, त्याने 89 लिहिले. पूर्वी याच चुकीला कान पिरगळला गेला असता. आता गुरुजींनी वहीचा फोटो काढला नि म्हणाले, "खोडू नको हां बाळा, हा माझा डेटा आहे!"

गुरुजी गणित शिक्षणात पीएचडी करतायत. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्टला 'साठ तीन' म्हणायची सोय आली आणि महाराष्ट्रभर रण पेटलं. त्या धुरळ्यात गुरुजींना विषय सापडला. एकोणऐंशीत कानाला ऐकू येतात ऐंशी आणि लिहायचे सत्तरातले, पोर गडबडणारच. मुद्दा खरा आहे, हे मी त्यांच्या पाठीमागेसुद्धा कबूल करतो.

पण टिळक आळीतले तात्या ऐकतील तर शपथ. "टिळकांनी गणित शिकवलं, मुरुडच्या कर्व्यांनी फर्ग्युसनात शिकवलं, मुर्डीचे परांजपे 1899 साली केंब्रिजात सीनियर रँग्लर झाले. सगळे एकोणऐंशीच म्हणत होते ना रे? की त्यांच्याकडनंही तू प्रश्नावली भरून घेतलीस?"

ती प्रश्नावली! पिशवीतून तिचं टोक दिसलं की विमा एजंट शिरल्यासारखी स्टाफरूम रिकामी होते. मी तीनदा भरली. दोनदा 'पूर्णतः सहमत', तिसऱ्यांदा आंबे उतरवायच्या घाईत 'पूर्णतः असहमत'. गुरुजी आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मग प्रयोग झाला. 'अ' तुकडीला 'सत्तर नऊ', 'ब' तुकडीला आपलं जुनंच. सहा आठवड्यांनी चाचणी घेतली, तर दोन्ही तुकड्या सारख्याच हुशार! टी-मूल्य जागचं हलेना. चौकशीअंती कळलं, मधल्या सुट्टीत आवळे खाता खाता 'अ'च्या पोरांनी 'ब'च्या पोरांना सगळं शिकवून टाकलं होतं. इतकी वर्षं गुरुजींनी नोकरी केली ती पोरं शिकावीत म्हणून. ती शिकली आणि गुरुजी दोन दिवस रजेवर गेले.

यंदा त्यांच्या पीएचडीचं सहावं वर्ष. नियमाने सहाच मिळतात, फेरनोंदणी केली तर वर दोन. रत्नागिरीत कुठे भेटले तर प्रश्नावली खुशाल भरा, चहासुद्धा पाजतील. फक्त 'आठातून सहा गेले, किती राहिले?' एवढं विचारू नका.