तारखांवर भांडू द्या

इतिहासाच्या तासाला हल्ली बऱ्याच वर्गांत एकच प्रकार चालतो. इंटरनेटवरून तारीख उचलायची, चित्र उचलायचं, पॅडलेट या ऑनलाइन फलकावर चिकटवायचं. जितकी मुलं तितकी कार्डं, तास संपायच्या आत टाइमलाइन तयार. शिक्षक तिचा फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात आणि खाली अंगठे उमटतात. यात इतिहास कुठे झाला? कुणाची तारीख कुणी तपासली नाही, कुणी कुणाला अडवलं नाही. भिंतीवरचा तक्ता पडद्यावर गेला आणि काम झालं असं सगळ्यांनी मानलं.

मला राग येतो तो यासाठी, की साधन खरोखर चांगलं आहे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नाइट लॅबने बनवलेलं टाइमलाइनजेएस फुकट मिळतं. गुगल शीटमध्ये एक ओळ म्हणजे एक घटना, इतकं ते सोपं आहे. ते शीट अख्ख्या वर्गाला एकाच वेळी उघडता येतं आणि कुणी, कधी, काय बदललं हे त्यात राहतं. माझ्या मते सगळी किंमत ही नोंद राहण्याची आहे. मुलाने आधी काय लिहिलं होतं, दुसऱ्याने ते कधी खोडलं, हे दिसतं. वहीत ते कधीच दिसत नव्हतं, कारण वहीत बाई तांबड्या पेनाने बरोबर उत्तर लिहायच्या आणि विषय मिटायचा.

सातवी-आठवीच्या वर्गाला शिवाजी महाराजांचा जन्म नोंदवायला सांगा. महाराष्ट्रातलं मूल दोन शिवजयंत्या पाहत मोठं होतं, एक १९ फेब्रुवारीची आणि एक तिथीची. घरातल्या एखाद्या जुन्या पुस्तकात त्याला १६२७ हे साल सापडतं. म्हणजे एकाच रकान्यात तीन उत्तरं येणार. इथे शिक्षकाने बरोबर उत्तर सांगून टाकलं की तास वाया गेला. मुलांना जेधे शकावलीपर्यंत जाऊ द्या. भोर तालुक्यातल्या कारीच्या जेधे देशमुखांकडची ही शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात जन्म आहे शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीयेचा. कवी परमानंदाच्या ‘शिवभारत’ या काव्यातही हीच तिथी आहे. बखरींच्या आधारे रुळलेलं १६२७ त्यामुळे डळमळलं, तरी वाद कित्येक दशकं चालला. राज्य सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अधिकृत मानली ती २००१ मध्ये. आणि गाठ इथेही सुटत नाही. ही १९ फेब्रुवारी जुन्या जुलियन दिनदर्शिकेतली. आपण आज वापरतो त्या ग्रेगोरियनमध्ये तो दिवस येतो १ मार्च १६३०. मग शीटमध्ये कोणता आकडा घालायचा?

घाला कोणताही, पण शेजारी कारण लिहा. ते कारण लिहिताना मूल जे शिकतं ते शंभर रंगीत कार्डांनी येत नाही. जेधे शकावली तरी काय आहे? शक, महिना, तिथी आणि पुढे एकदोन ओळींत घटना. टाइमलाइनच ती. आपल्याकडे ही रीत कधीपासूनच आहे, मग ती वर्गात परदेशी खेळण्यासारखी का वापरायची?

शंका कशी नोंदवायची, हे परदेशातल्या एका जुन्या तक्त्यातही दिसतं. जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शिक्षकाने १७६५ मध्ये चरित्रांचा तक्ता छापला. सुमारे दोन हजार माणसं, प्रत्येकाचं आयुष्य म्हणजे एक आडवी रेघ. जन्ममृत्यूचं साल नक्की असेल तिथे सलग रेघ आणि नसेल तिथे टिंबं. अडीचशे वर्षांपूर्वीच्या कागदावर शंकेला जागा होती. आजच्या बहुतेक साधनांत मात्र तारखेच्या रकान्यात शंका लिहिता येत नाही, आकडाच लागतो. तेव्हा ती जागा शिक्षकाने करायला हवी. ‘सुमारे’ हा शब्द मथळ्यातच लिहायला लावा. दोन मतं असतील तर दोन ओळी टाका.

आणखी एक. पॅडलेटच्या टाइमलाइनवर कार्डं एकामागून एक बसतात, मधला काळ कितीही असो. १८१८, १८५७, १९४७, १९६० अशी चार कार्डं लावा. पेशवाई बुडाल्यापासून उठावापर्यंतची ३९ वर्षं, पुढची स्वातंत्र्यापर्यंतची ९० वर्षं आणि तिथून महाराष्ट्र राज्यापर्यंतची १३ वर्षं, सगळी डोळ्यांना एकसारखी दिसतात. टाइमलाइनजेएसच्या खालच्या पट्टीत अंतर तरी काळाच्या प्रमाणात असतं. पण त्याहून उत्तम म्हणजे आधी पटांगणात चुन्याने रेघ आखायची, एका वर्षाला एक वीत, आणि मुलांना तिच्यावर चालू द्यायचं. ९० वर्षं पायांना कळली की पडद्यावरची फसवणूक मुलंच दाखवून देतील.

पण माझा सर्वांत मोठा आग्रह वेगळाच आहे. घरातल्या माणसांना या रेघेवर आणा. मराठवाड्यात, सोलापुरात, नगरकडे कुणाही आजीला तिच्या लग्नाचं साल विचारा. ‘बहात्तरच्या दुष्काळात’ किंवा ‘दुष्काळानंतर दोन वर्षांनी’ असं उत्तर येईल. प्रत्येक मुलाने अशी एक आठवण आणावी. दुष्काळी कामावर खडी फोडायला कोण गेलं, मदतीची सुकडी कुठे मिळायची, लाल मिलो ज्वारीची भाकरी कशी लागायची, गावातून मुंबईला कोण निघून गेलं. मग भांडण सुरू होईल. एक म्हणेल १९७२, दुसरा म्हणेल आमचे आजोबा कामावर गेले ते त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात. दोघेही खरे आहेत, कारण दुष्काळ दिवाळीला संपला नाही; १९७३ चा उन्हाळा आणखी कठीण गेला. मुलं आपोआप शोधतील की या घटनेला एक तारीख पुरत नाही, सुरुवात आणि शेवट दोन्ही लागतात. टाइमलाइनजेएसमध्ये त्यासाठी वेगळा रकाना आहे, तो क्वचितच कुणी भरतं. त्याच रेघेवर पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा बसवा. आजीने फोडलेली खडी आणि विधिमंडळाने केलेला कायदा एकाखाली एक आले की नागरिकशास्त्राचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

सगळ्यांकडे मोबाइल नाहीत, ही अडचण खरी. तरीही एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर आणि पाळीपाळीने टंकणारी मुलं एवढ्यावर भागतं. वाद तोंडीच व्हायचा असतो. काम झालं की शीट उतरवून शाळेच्या संगणकावर ठेवा आणि छापूनही ठेवा. डिपिटी नावाची टाइमलाइनची सेवा एके काळी बरीच वापरात होती, आज ती बंद आहे. आजीच्या आठवणी दुसऱ्याच्या सर्व्हरच्या भरवशावर सोडू नयेत.

अंतर्गत मूल्यमापनात याला गुण द्यायचे असतील तर सजावटीला एकही देऊ नका. दुसऱ्याची तारीख पुराव्यासह दुरुस्त करणाऱ्याला द्या. आपली तारीख मागे घेऊन तिथे कारण लिहिणाऱ्याला त्याहून जास्त द्या.