पाहुणा जेवत नाही

आमच्या घरी दारात आलेल्या माणसाला 'कसे आहात' असं आधी कुणी विचारत नाही. 'जेवले का?' हाच पहिला प्रश्न. पोस्टमन, मीटरचा आकडा घ्यायला आलेला पोरगा, पत्ता चुकून आमच्या ओट्यावर टेकलेला शेजाऱ्यांचा पाहुणा, कुणी सुटत नाही. अशा घरात माझ्या पुतण्यानं एका संध्याकाळी जाहीर केलं, की त्याला अजगर पाळायचा आहे.

आई वाती वळत होती. तिनं हातातली वात पुरी केली आणि मग विचारलं, "काऊन रे बापा, सातपुड्यात कमी हायेत काय?"

प्रश्न बिनतोड होता. जळगाव जामोदात गच्चीवर चढून उत्तरेकडे पाहिलं की सातपुड्याची निळी ओळ दिसते. तिथल्या रानात अजगर आपापले राहतात, आपापलं खातात, कुणाला काही मागत नाहीत. पण तो देशी अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला घरात ठेवलं तर तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान पंचवीस हजारांचा दंड. पुतण्याला हे ठाऊक होतं. त्याला हवा होता बॉल पायथन. घाना, टोगो, बेनिनकडचा. वाढून वाढून तीन ते पाच फूट. विष नाही. घाबरला की डोकं मध्ये घालून लोकरीच्या गुंड्यासारखा होतो. हा ठेवता येतो, पण २०२२ ची कायदादुरुस्ती आणि २०२४ चे नियम आल्यापासून सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. पिल्लं झाली, तो मेला, दुसऱ्याला दिला, तरी कळवावं लागतं. म्हणजे सातबाऱ्यासारखी त्याचीही कागदं जपायची.

मी खर्चाची वही काढली. मला प्राण्यांतलं फार कळत नाही, पण हिशेब मांडायला आवडतो.

जनावराची किंमत नक्षीवर असते. साधा तपकिरी स्वस्त; पांढरा, पिवळा, ठिपक्यांचा घ्यावा तसा भाव साडीसारखा चढत जातो. मग तीन-चार फुटांची पेटी, तिला पक्की कडी, कारण सापाला फटीतून निघून जायचा नाद असतो. पेटीचं एक टोक ३१-३२ अंश, दुसरं २६ च्या आसपास; त्यानं आपल्या सोयीनं सरकायचं. दोन्ही टोकांना लपायला एकेक खोपटं, तेही अंगाबरोबरचं. चारी बाजूंनी अंग टेकलं तरच त्याला निर्धास्त वाटतं. (इथं वहिनीनं पुतण्याकडे पाहिलं. त्याला गेल्या वर्षापासून स्वतंत्र खोली हवी आहे.) शंभर वॅटचा हीटर दिवसभर चालला तर रोजचे २.४ युनिट. थर्मोस्टॅटनं निम्मा वेळ बंद ठेवला तरी महिन्याचे छत्तीस. थर्मोस्टॅट नसेल तर साप भाजतो.

हे झालं थंडीचं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ च्या घरात जातो, तेव्हा त्याला ऊब नाही, गारवा द्यावा लागेल. शिवाय त्याला हवेत साठेक टक्के ओलावा लागतो आणि आमच्या उन्हाळ्यात ओलावा काय तो फक्त घामात. हवा कोरडी असली की कातीचे तुकडे पडतात, डोळ्यांवरची पातळ झिल्ली तशीच चिकटून राहते. ओलावा नीट असेल तर पायमोजा उलटा काढावा तशी अख्खी कात उतरते, डोळ्यांच्या दोन चकत्यांसकट. म्हणजे कूलरसमोरची जागा त्याची. ती सध्या माझी आहे.

"आन् खाते काय?" आईनं विचारलं. ती इतका वेळ याचीच वाट पाहत होती.

"उंदीर."

"मंग घरातलेच देजो ना! माळ्यावर ढीगभर हायेत."

ते चालत नाहीत. माळ्यावरच्या उंदरानं कुठंतरी विषाची गोळी खाल्लेली असू शकते, पोटात जंत असू शकतात. जिवंत सोडला तर तोच उलटून अजगराला चावतो. म्हणून मुद्दाम पाळलेले, मारून गोठवलेले पांढरे उंदीर मागवायचे आणि फ्रीजरमध्ये ठेवायचे. आमच्या फ्रीजरमध्ये बर्फाचा ट्रे, मटार आणि मुलांची कुल्फी असते. आई त्या फ्रीजकडे अशी पाहू लागली, जणू उंदीर येऊनही बसले.

पुतण्या मात्र रंगात आला. गोठलेला उंदीर आधी नीट वितळवायचा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात धरायचा; अंग जिवंत जनावराइतकं उबदार झालं पाहिजे. अजगराच्या ओठांवर बारीक खळगे असतात, त्यांनी त्याला ऊब कळते. गार उंदीर त्याच्या लेखी दगड. मग लांब चिमट्यात धरून तोंडासमोर हलकेच हलवायचा. म्हणजे आमच्या घरात आंघोळीचं गरम पाणी उंदरालाही लागणार होतं.

"दिवसातून किती डाव?"

"आजी, दहा-पंधरा दिवसांतून एकदा."

वात वळायची थांबली. पुतण्यानं सांगायला नको होतं ते पुढचंही सांगितलं : हा साप अन्न नाकारण्यासाठी प्रसिद्ध आहे. तब्येत ठणठणीत असतानाही कधी कधी महिनोन्‌महिने काही खात नाही. अशा वेळी वजन पाहत राहायचं आणि त्याला एकटं सोडायचं. जेवल्यावरही दोन दिवस हात लावायचा नाही, नाहीतर खाल्लेलं बाहेर टाकतो.

आमच्या तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. घागर, पापड, कुरड्या, अठरा धान्यं मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाणी, पिकं, सगळ्याचं भाकीत सांगतात. आई म्हणाली, तिथंच नेऊन विचारा, हा जेवणार कधी.

खरी अडचण पैशांची नव्हतीच, हे मला त्या क्षणी कळलं. वर्षाचे पंचवीस-तीस उंदीर आणि विजेचं बिल आम्ही निभावलं असतं. आमच्या पाहुण्यांच्या चहात त्याहून जास्त जातात. पण अजगराची निगा म्हणजे बहुतेक वेळ त्याच्या वाटेला न जाणं, आणि आमच्या घराला नेमकं तेवढंच येत नाही. भरल्या ताटावरून उठणाऱ्याच्या मनगटाला धरून पोळी वाढणारी माणसं आम्ही. नीट ठेवला तर हा वीस-तीस वर्षं जगतो. पुतण्या दोन वर्षांत शिकायला पुण्याला जाईल, अजगर इथं राहील, आणि रोज सकाळी पेटीसमोर बसून आई त्याला म्हणेल, दोन घास तरी खाय.

विषय तिथंच राहिला. पावसाळ्यात एका ओळखीच्यांच्या शेतात, कुंपणाच्या जाळीत अजगर सापडला. आठ फूट तरी असावा. सर्पमित्र येईपर्यंत निम्मं गाव बांधावर जमलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा पुतण्या आधीच तिथं होता, चिखलात गुडघ्यापर्यंत. अजगराच्या मधल्या भागाला चांगला फुगवटा होता, त्यावरची खवलं ताणून एकमेकांपासून दूर झाली होती आणि मधली पांढुरकी कातडी दिसत होती. लोक फोटोसाठी पुढे सरकत होते. पुतण्या दोन्ही हात पसरून त्यांना अडवत होता, "हलवू नका त्याले! आताच जेवलाय तो!"

जाळी कात्रीनं एकेक तार करून कापली. वनखात्याची माणसं त्याला पोत्यात घालून डोंगराकडे सोडायला घेऊन गेली.

घरी येऊन पुतण्यानं आजीला सगळं सांगितलं. लांबी, रंग, जाळी, पोतं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"जेवलेला होता म्हनतं?"

"हो."

"मंग जाऊ द्या त्याले," ती म्हणाली, आणि पुतण्याचं ताट वाढायला उठली.