अस्वल पुरे, कासाडी काढा

५ जूनच्या पर्यावरण दिनानिमित्त शाळेशाळेत तेच चित्र. ताप आलेली पृथ्वी, तिच्या तोंडात थर्मामीटर आणि कोपऱ्यात बर्फाच्या तुकड्यावर उभं अस्वल. पहिल्या नंबराला कंपासपेटी. पनवेलच्या कामोठ्यातल्या पोरांनी उत्तर ध्रुवावरचं अस्वल कशासाठी काढायचं? त्यांच्या शेजारून कासाडी नदी वाहते. तळोजा एमआयडीसीतलं सगळं पोटात घेऊन ती पनवेलच्या खाडीला मिळते. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात निळी कुत्री दिसली आणि त्यांचे फोटो जगभर गेले. कुत्रं निळं का झालं, हा प्रश्न तेव्हा किती वर्गांत विचारला गेला?

कोणी म्हणेल, हे प्रदूषण. हवामान बदल वेगळा. बरं, उन्हाचं बोलू. हायवेपलीकडे, खारघरच्या मैदानावर १६ एप्रिल २०२३ ला महाराष्ट्र भूषण सोहळा झाला. भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ माणसं उष्माघाताने गेली. पारा ३८ अंशांच्या आसपास होता, विदर्भात लोक हसतील इतका. पण खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. एवढं विज्ञान आठवीच्या मुलाला सहज कळतं. दुपारच्या सत्राची मुलं ऐन बाराच्या सुमाराला, पाठीवर दप्तर घेऊन, तापलेल्या डांबरावरून शाळेत येतात. वेळापत्रक कोण ठरवतं, एप्रिलात ते बदलता येईल का, हे त्यांनी विचारलं तर उद्धटपणा कसा?

पर्यावरण शिक्षण सक्तीचं करा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलं. विषय आले, पुस्तकं आली. नववी-दहावीला तर ‘जलसुरक्षा’ नावाचा विषय आहे. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर आला की मोबाईलच्या उजेडात पाइप धरून उभी राहणारी मुलगी सकाळी त्याच विषयाची वही मैत्रिणीची बघून उतरवते, कारण वही तपासली जाते, प्रश्न तपासला जात नाही.

‘मुलांना राजकारणात ओढू नका,’ असं पालक म्हणतात. उत्तराखंडच्या रिद्धिमा पांडेने २०१७ मध्ये, नऊ वर्षांची असताना, हवामान बदलाबद्दल सरकारविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे अर्ज केला. २०१९ मध्ये तो निकाली निघाला, हाती काही लागलं नाही. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. तिला कोणी ओढून नेलं नव्हतं. केदारनाथचा २०१३ चा पूर तिच्या राज्याने भोगला होता.

आणि वाद घालायचा तर खरा घालू द्या. कामोठ्याच्या एकाच बाकावर दोघं असू शकतात: एकाचे बाबा तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर जातात, दुसऱ्याचे आजोबा खाडीत जाळं टाकायचे. कारखाना बंद करा म्हटलं की पहिल्याच्या घरची चूल विझते. चालू दे म्हटलं की दुसऱ्याच्या आजोबांचं जाळं खुंटीवरच राहतं. ही दोन पोरं समोरासमोर बोलली तर जे निघेल, ते कुठल्याही वक्तृत्व स्पर्धेच्या घोटलेल्या भाषणात सापडणार नाही. शिक्षकांनी मध्ये पडून ‘झाडे लावा’वर गाडी आणू नये, एवढंच. झाडं लावावीतच, पण रात्री खिडकीतून येणाऱ्या रसायनाच्या वासावर रोप हा उपाय नाही.

पनवेल महापालिकेने आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने एक करावं. वर्षातून दोनदा अधिकाऱ्याने कामोठ्यातल्या शाळेत येऊन बसावं. हार-नारळ नको, भाषण नको. मुलांनी वर्षभर वऱ्हांड्यात घेतलेल्या तापमानाच्या आणि दमटपणाच्या नोंदी, कासाडीच्या पाण्याचा रंग, भरतीच्या वेळी पाऊस झाला की कुठल्या सेक्टरात पाणी साचतं त्याचा नकाशा, हे सगळं अधिकाऱ्यासमोर ठेवावं. मुलं विचारतील. ज्याचं उत्तर तिथे देता येणार नाही, ते महिन्याभरात लेखी द्यावं, सही-शिक्क्यानिशी, आणि शाळेच्या फळ्यावर लावावं.