तात्पुरत्या मुक्कामाचे शास्त्र

अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यात १९९४ साली अमलात आलेल्या ‘नाफ्टा’ या मुक्त व्यापार कराराने मालाबरोबर पदवीधरांनाही सीमा ओलांडण्याची मुभा दिली, ती ‘टीएन’ दर्जाच्या रूपाने, म्हणजे करारातील यादीत नोंदलेल्या व्यवसायांपुरत्या, अमेरिकेतल्या तात्पुरत्या कामाच्या परवान्याने. साठाहून अधिक व्यवसायांच्या या यादीत मधमाश्यांच्या अभ्यासकाला मानाचे पान आहे, संगणक प्रोग्रॅमर मात्र तीत नाही. आणि २०२० साली नव्या कराराने नाफ्टाची जागा घेतली तेव्हाही यादी जवळजवळ जशीच्या तशी उचलली गेल्यामुळे, मधल्या पाव शतकात जगात संगणक वाढले की मधमाश्या, याची चौकशी करण्याचे कारण कोणालाच दिसले नाही. परिणामी, आपण ‘संगणक प्रणाली विश्लेषक’ असून प्रोग्रॅम फक्त जाता जाता लिहितो, हे उमेदवाराला नोकरीपत्रानिशी शाबीत करावे लागते. कॅनडाच्या नागरिकाची विद्वत्ता सीमानाक्यावरचा अधिकारी उभ्या उभ्या तपासतो, तर मेक्सिकोच्या नागरिकाला आधी वकिलातीतून व्हिसा काढावा लागतो (भागीदार अर्थातच समान आहेत). टोरांटोत कायम वास्तव्याचा परवाना मिळालेल्या पुणेकराला तर नागरिकत्व हाती येईपर्यंत या रांगेतही जागा नाही. टीएन परवाना एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांचा असला तरी नूतनीकरणाला संख्येची मर्यादा नाही. अट एवढीच की, पाचव्या नूतनीकरणाच्या वेळीही अर्जदाराने, अमेरिकेतल्या घराचे हप्ते फेडत असताना, आपला मुक्काम तात्पुरता असल्याचे तितक्याच गांभीर्याने सांगावे.