सूत्रांचे फोटो चिकटवू नका

मार्कडाउन या साध्या खुणांच्या लेखनपद्धतीत २*३*४ लिहा आणि पानावर काय उमटतं ते बघा. २३४! मधला तीन तेवढा तिरपा. चोविसाचे दोनशे चौतीस झाले, कारण दोन ताऱ्यांमधला मजकूर तिरपा करायचा आणि तारे गिळायचे, एवढंच मार्कडाउनला ठाऊक. संच लिहायला गेलात तर आणखी पंचाईत. लाटेक या सूत्रलेखनाच्या भाषेत महिरपी कंसाआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. ती रेघ मार्कडाउन खातं, उघडा पडलेला कंस लाटेक खातं आणि संचाला कुंपणच उरत नाही.

जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मार्कडाउन काढलं ते साधं गद्य लिहिणाऱ्यांसाठी. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. राग येतो तो पुढच्या पळवाटेचा: सूत्र बिघडलं की त्याचा स्क्रीनशॉट काढायचा, चिकटवायचा आणि मोकळं व्हायचं. ते सूत्र मग शोधून सापडत नाही, उचलून वहीत घेता येत नाही, मोबाइलवर मोठं केलं की फुटतं. अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर तिथे फार तर ‘चित्र’ म्हणतो आणि पुढे जातो. सिद्धतेची नेमकी तीच पायरी त्याच्या हातून गेली. हा अन्याय आहे, आणि तो आपण निव्वळ आळसापोटी करतो.

वेब जन्मलं सर्नमध्ये, भौतिकशास्त्रज्ञांच्या घरात. तरीही गणिताला तिथे सावत्र वागणूक मिळाली. १९९५ च्या एचटीएमएलच्या मसुद्यात गणिताची खूण होती, ती पुढे गळाली. १९९८ मध्ये मॅथएमएल हे स्वतंत्र प्रमाण आलं, पण क्रोमने २०१३ मध्ये त्याचा आधार काढून घेतला. तो परत यायला जानेवारी २०२३ उजाडलं. ते काम मुख्यतः इगालिया या स्पेनमधल्या, कामगारांच्याच मालकीच्या कंपनीने चिकाटीने तडीस नेलं. मधली वर्षं मॅथजॅक्स आणि केटेक या सूत्रं दाखवणाऱ्या स्क्रिप्टनी निभावली, त्यांचे उपकार आहेतच.

आता मात्र सबब चालणार नाही. फायरफॉक्स, सफारी, क्रोम तिन्ही मॅथएमएल दाखवतात. मार्कडाउनचं वेबपान करून देणारं पॅनडॉक फुकट आहे. जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी ते लिहिलं. डॉलरच्या दोन चिन्हांमधलं सूत्र ते मार्कडाउनच्या तावडीतून आधीच बाजूला काढतं. बंद करणाऱ्या डॉलरला लगेच आकडा चिकटलेला असेल तर पॅनडॉक ते सूत्र धरत नाही, म्हणून एका वाक्यात दोन किमती आल्या तरी गोंधळ होत नाही. आज्ञेत मॅथएमएलचा पर्याय जोडा. सूत्र अक्षरांसारखं पानात बसतं, वाचकाच्या मोबाइलवर वेगळी स्क्रिप्ट उतरवावी लागत नाही. शिक्षकांनो, पुढचा धडा चढवण्याआधी एवढं कराच. जुन्या धड्यांतले फोटोही सवडीने काढा, निदान परीक्षेला येणाऱ्या प्रकरणांतले तरी लगेच.