अकरा महिन्यांचे किरण

विल्हेल्म राँटगेनला 1895 साली क्ष-किरण सापडले आणि 1901 साली भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल मिळालं. एक्स-रे काढणारा माणूस अकरा महिन्यांनी कागदावर संपवायचा आणि एका दिवसाचा खंड देऊन पुन्हा उभा करायचा, हा शोध मात्र आपल्या सरकारी कचेऱ्यांचा. त्याची दखल स्टॉकहोमनं अजून घेतलेली नाही.

नांदेड-लातूर रस्त्यावरच्या पहाटेच्या लालपरीत हा माणूस तुम्हाला भेटेल. डब्याच्या पिशवीत फाइल, फाइलीत नियुक्तीचे आदेश आणि मुदतवाढीची पत्रं. यंदा लोहा, पुढं अहमदपूर, त्यानंतर एजन्सी धाडील ते गाव. घरमालक विचारतो, "किती दिवस राहणार?" हा म्हणतो, "करार आहे तोवर." भाडेकरारही अकराच महिन्यांचा असतो, त्यामुळे दोघांचं छान जुळतं.

हा चालवतो ते यंत्र मात्र भाग्यवान. त्याच्या देखभालीचा करार चांगला काही वर्षांचा. ते कुरकुरलं की कंपनीचा इंजिनिअर गाडी करून येतो. माणूस कुरकुरला तर बिनपगारी.

शिवाय छातीवर टीएलडी बॅज. अंगावर किती किरण पडले ते हा बॅज मोजतो आणि दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत जातो. अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियम कडक आहे: पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. म्हणजे मंडळ याच्याकडे पाच वर्षांच्या हिशेबानं बघतं आणि खातं अकरा महिन्यांच्या. बॅजचा अहवाल येतो तेव्हा याचं बस्तान दुसऱ्या तालुक्यात असतं. थकलेल्या पगाराचा असा बॅज अजून निघालेला नाही.

आता एक्स-रेच्या खोलीत चला. "मामा, हनुवटी वर. खांदे पुढं. दम भरा आन् धरा." मामा धरता धरता विचारतात, "सायेब, परमनंट हाव का? भाचीला स्थळ बघायलोत." "कंत्राटी," हे ऐकताच मामांचा श्वास सुटतो आणि फोटो हलतो. पुन्हा काढावा लागतो. या वाया गेलेल्या किरणांचा खर्च कोणत्या लेखाशीर्षात टाकावा, हे लेखा विभागानं कळवावं.

सरकार काहीच करत नाही असं मात्र म्हणू नये. 6 सप्टेंबर 2023 ला नऊ एजन्स्यांमार्फत माणसं भरायचा जीआर काढला आणि ओरड होताच ऑक्टोबरात मागेही घेतला. 14 मार्च 2024 ला राष्ट्रीय आरोग्य अभियानात दहा वर्षं झालेल्यांना सामावून घेण्याचा निर्णय झाला. त्याची अंमलबजावणी मागायला ऑगस्ट 2025 मध्ये राज्यभरचे कंत्राटी कर्मचारी संपावर गेले. खंड देऊन देऊन सेवेची दहा वर्षं भरवायची, हे गणित अकरावीतही नव्हतं.

तेव्हा मायबाप सरकारला एकच विनंती. पुढच्या निविदेत यंत्राच्या सुट्या भागांच्या यादीत तंत्रज्ञाचंही नाव घाला. देखभाल करारात बसला की निदान त्याची वॉरंटी तरी अकरा महिन्यांहून मोठी होईल.