शिरपामाळावर उठलेलं पित्त

1664 साली सुरतेकडे निघालेल्या शिवाजी महाराजांना जव्हारच्या विक्रमशहांनी शिरपामाळावर मानाचा तुरा दिला, असं जव्हारकर अभिमानाने सांगतात. आमच्या काकांना त्याच माळाच्या कडेला खाजकुइलीची मखमली शेंग मिळाली. ‘काय मऊ आहे!’ म्हणत त्यांनी ती गालावरून फिरवली आणि पुढचा इतिहास नाचत घडवला.

‘अ‍ॅलर्जी!’ काकूंनी निकाल दिला. चुकीचा. खाजकुइलीची लव जातपात, वय, हुद्दा न बघता सगळ्यांनाच खाजवते. अ‍ॅलर्जी पक्षपाती असते. एकाच पंगतीत सगळे सुकटीची चटणी चापतात आणि शरीर बंड करून उठतं ते एकट्या काकूंचं. त्या दुपारी तेही झालं. अंगभर गांधी! लगेच कुणी आमसुलाचं पाणी सुचवलं, कुणी घोंगडीवर लोळायला. ड्रायव्हरने दृष्ट काढायची तयारी दाखवली.

डॉक्टरांनी मात्र आधी चौकशीच केली: काय खाल्लं, किती वेळाने उठलं, पूर्वी झालं होतं का? निम्मं निदान त्यातच होतं म्हणे. मग हातावर संशयितांच्या अर्काचे थेंब, त्यावर हलकी टोचणी, आणि पंधरा-वीस मिनिटांत गुन्हेगाराच्या जागी फुगवटा. मात्र खाज थांबवणारी गोळी आधीचे काही दिवस बंद हवी, नाहीतर सगळेच निर्दोष सुटतात. बिब्बा उतला तर प्रकरण वेगळं. तो एक-दोन दिवसांनी उगवतो, म्हणून अशा संशयितांच्या पट्ट्या पाठीवर 48 तास चिकटवून ठेवतात.

1921 साली कुस्टनर नावाच्या डॉक्टरांना मासे सोसत नव्हते. त्यांचे सहकारी प्राउसनिट्झ यांनी कुस्टनरांच्या रक्तातला द्रव स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी तिथेच माशाचा अर्क. गांध उठली! दोष रक्तातून दुसऱ्याला देता येतो, हे सिद्ध झालं. काकांना मी हे सांगितलं, तर ते काकूंपासून दोन हात लांब सरकले.

नुसत्या गांधींना गोळी पुरते आणि सुकट सोडावी लागते, याचंच काकूंना जास्त दुःख. पण जीभ सुजली, श्वास घरघरला, अंधारी आली, तर आमसूल, घोंगडी आणि नातेवाईक तिघांनाही बाजूला सारा. तिथे मांडीत अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन हाच पहिला उपाय, आणि तोही लगेच. माळावर असाल तर आधी 108 फिरवा. सेल्फी नंतर.